जुईला घेऊन एरंडोल ते बोर्डी

जुईला समुद्र दाखवायचं आम्ही गेली दोन वर्षं नुसतं बोलत होतो. आमची जुई नऊ वर्षांची, तिला ऑटिझम आहे. अंगणातल्या हौदात हात घालून ती तासन्‌तास बसते, पाण्याशी काहीतरी गुणगुणते. हौदावर एवढी खूश असेल तर समुद्रावर काय होईल, असं माझा नवरा संदीप म्हणायचा. मी विषय टाळायची. रस्त्याचा, जेवणाचा त्रास होईल, असं कारण सांगायची. खरं कारण वेगळं होतं. चारचौघांत जुईबरोबर उभं राहायला मला धीर होत नाही.

शेवटी या हिवाळ्यात ठरवलंच. अशा मुलांना घेऊन जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तयारी सांगते. गर्दी नको म्हणून आम्ही सोमवारी निघालो. गाडीचा, खोलीचा, वाळूचा, पाण्याचा असे फोटो छापून क्रमाने फ्रिजवर लावले आणि आठवडाभर जुईला रोज दाखवले. ती तूप-साखर-पोळीशिवाय सहसा काही खात नाही, म्हणून पोळ्यांचा मोठा डबा घेतला. बोर्डीला चिकूच्या वाडीतल्या एका घरात दोन खोल्या ठरवल्या. फोनवर मालकीणबाईंना सगळं विचारलं, कुत्रा आहे का, लग्नाचा मांडव जवळपास आहे का, मिक्सर किती वाजता चालतो. त्या हसून म्हणाल्या, "ताई, एवढं कोणी विचारत नाही हो!" तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "सासऱ्यांना आवाज सहन होत नाही."

सासरे, म्हणजे आमचे आबा, शेजारीच बसले होते.

पहाटे आबांसह चौघं निघालो. पारोळा, धुळे, मालेगाव, नाशिक, रस्ता लोण्यासारखा. जुई खिडकीला गाल लावून मजेत होती. नाशिक सोडून त्र्यंबकच्या रस्त्याला लागल्यावर एका हॉटेलात चहाला थांबलो आणि मी जुईला स्वच्छतागृहात घेऊन गेले. तिथे हात वाळवायचं मशीन होतं. कोणीतरी त्याखाली हात धरला, ते भसकन सुरू झालं आणि जुई कान दाबून किंचाळत बाहेर पळाली. थेट हॉटेलच्या मधोमध जमिनीवर बसली आणि पुढे-मागे झुलू लागली. सगळी टेबलं आमच्याकडे वळली. मी तिला दंडाला धरून उठवायला गेले.

"राहू दे तिले," आबा म्हणाले. "उठी आपली आपली."

ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि शांतपणे बशीतून चहा पीत राहिले. वेटर विचारायला आला तेव्हा मी घाईघाईने म्हणाले, "काही नाही, गाडी लागलीय तिला." थोड्या वेळाने जुई खरंच आपली आपण उठली. तुम्ही जाल तर अशा ठिकाणी आत आधी स्वतः डोकावून या, हा माझा पहिला सल्ला.

पुढे मोखाडा, जव्हार. वळणं खूप आहेत, पण झाडी सुंदर आणि वाहनं कमी. कासा, चारोटी, डहाणू करत संध्याकाळी बोर्डीला पोचलो. ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलेलं की समुद्र कुठे आहे ते दाखवावं लागत होतं. जुईने ओल्या चिखलवाळूवर एक पाय ठेवला आणि काढून घेतला. हा दुसरा सल्ला: भरतीची वेळ आधीच विचारून घ्या, नाहीतर आमच्यासारखे आल्या दिवशी हिरमुसाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलं होतं. जुईने ते पाहिलं. मग संदीपचा हात सोडला आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन फतकल मारून बसली. लाट आली की दोन्ही हात पाखरासारखे फडफडवायची आणि इतकी मोठ्याने हसायची की आबांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि तेही तिच्याशेजारी पाण्यात उभे राहिले. बघत राहावं असं सुख होतं ते. थोड्या वेळाने संदीप आणि आबा नारळपाणी आणायला गेले. जुईजवळ मी एकटी राहिले.

जवळच एक छोटी मुलगी बादलीने वाळूचा किल्ला करत होती, तिची आई छत्रीखाली बसली होती. जुई उठली, त्या मुलीच्या हातातून बादली घेतली आणि पाण्यासकट स्वतःच्या डोक्यावर ओतली. परत भरायला वळली तेव्हा किल्ला तिच्या पायाखाली गेला. छोटी रडायला लागली. जुईला तर त्या रडण्याचा त्रास झाला, ती कान झाकून ओरडू लागली. आजूबाजूचे लोक थांबून बघू लागले. त्या बाई उठून आल्या. रागावलेल्या नव्हत्या, नुसतं विचारलं, "काय झालं हिला? तुमची मुलगी आहे का?"

मी म्हटलं, "माझ्या नणंदेची आहे."

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तरी आवाज अगदी सहज निघाला. बादली परत दिली, जुईचा हात धरला आणि तिला घेऊन खोलीवर आले.

दुपारी मालकीणबाईंनी तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. आम्ही सगळे जेवत होतो. जुई ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणते, टीव्हीवरच्या जाहिराती, आबांचं खोकणं, संदीपचं फोनवरचं बोलणं, अगदी त्याच चालीत. पोळीचा तुकडा मोडत ती माझ्या आवाजात म्हणाली, "माझ्या नणंदेची आहे."

आबांचा घास हातात राहिला. "हाई कोन बोलनं?"

जुईने पुन्हा तेच म्हटलं.

"मी," मी म्हणाले. "सकाळी. एका बाईंना."

मालकीणबाई भाकरी घेऊन दारात थांबल्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. संदीप उठला, हात धुऊन वाडीत निघून गेला. नणंद म्हणजे आबांची लेक. आबा माझ्याकडे बघेनात. त्यांनी जुईच्या ताटात तूप वाढलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

उन्हं कलल्यावर मी एकटीच किनाऱ्यावर गेले आणि त्या बाईंना शोधलं. भुट्ट्याच्या गाडीपाशी सापडल्या. म्हटलं, "सकाळची मुलगी माझीच आहे. तिला ऑटिझम आहे. मी खोटं बोलले."

त्या गोंधळल्या. "अहो, मला कशाला सांगताय?" एवढंच म्हणाल्या आणि लेकीला घेऊन पुढे गेल्या.

बरोबरच होतं त्यांचं. मी परत निघाले, तर आबा जुईला किनाऱ्यावर घेऊन आलेले आणि ती ओसरत्या पाण्याच्या कडेला बसलेली. मी साडीसकट तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, "जुई, तू माझी आहेस. सकाळी मी चुकीचं सांगितलं." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. थोडी बाजूला सरकली, कारण माझ्यामुळे तिच्या पायावर येणारी लाट अडत होती.

निघताना मालकीणबाईंना मी जुईबद्दल नीट सांगितलं. त्यांनी तिच्यासाठी चिकूची पिशवी भरून दिली, आणि "पुढच्या वेळी आधी सांगा, मी मिक्सर लावणारच नाही," म्हणाल्या. परतीच्या वाटेवर संदीप धुळ्यापर्यंत गप्प होता. धुळ्याला शेवभाजी खायला थांबलो तेव्हा त्याने माझ्यासाठी ताट मागवलं, आणि मला तेवढ्यानेही रडू आलं.

घरी येऊन आता पंधरवडा झाला. ते वाक्य जुई म्हणत नाही. विसरली, की आत ठेवलंय, मला कळायला मार्ग नाही. मुलांना काही कळत नाही असं समजून आपण त्यांच्यादेखत काय काय बोलतो, ते मात्र आता मला रोज ऐकू येतं.

परवा आबा माझ्या फोनवर सहलीचे फोटो बघत होते. जुई आणि आबा, जुई आणि संदीप, सुरूची झाडं, चिकू. शेवटपर्यंत सरकवून त्यांनी विचारलं, "तुना आनि जुईना एक बी फोटू नही?"

नव्हता. प्रत्येक वेळी फोन मीच हातात धरला होता.

आबांनी आम्हा दोघींना ओट्यावर बसवलं आणि फोटो काढला. त्यांना सवय नाही, त्यामुळे एका कोपऱ्यात त्यांचं बोट आलंय. जुई भलतीकडेच बघतेय. लेखाच्या वर लावलाय तो हाच. डावीकडे जुई. उजवीकडे मी, तिची आई.