पिंप खाली टेकेपर्यंत

साइटवर तिला सगळे शिट्टी म्हणत. बरीच वर्षं ती जमिनीवर उभी राहून क्रेनवाल्याला इशारे देत आली होती. आधी शिट्टी वाजवून, हात हलवून, पुढे वॉकीटॉकीवर. वर केबिनमध्ये बसणारा म्हातारा ऑपरेटर तिच्याच डोळ्यांनी बघायचा. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "तुला सगळं कळतं. मग खाली उन्हात कशाला करपतेस? ऑपरेटरची परीक्षा दे."

ते तिच्या मनात घर करून बसलं.

पण घरात घटकाभर निवांतपणा मिळेल तर शपथ. पुस्तक उघडलं की सासूबाईंचा चष्मा हरवायचा, मुलीचं गणित अडायचं, शेजारीण दारात उभी राहून "बसत नाही, घाईत आहे" म्हणत अर्धा तास खायची. नवरा फरशी बसवायच्या कामावर परगावी. घरातच राहणारी नणंद म्हणायची, "वहिनी, या वयात कसली परीक्षा? वर चढून काय मिळणार आहे?"

शेवटी शिट्टी जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या गोण्यांवर बसून वाचू लागली. काम बंद असलं की मुकादमाला विचारून म्हातारा तिला वर न्यायचा आणि क्रेन चालवायचे दांडे हातात द्यायचा.

परीक्षेच्या दिवशी वारा होता. पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप उचलायचं, खांबांच्या मधून न्यायचं आणि पलीकडे आखलेल्या चौकोनात ठेवायचं. खांबाला धक्का नको, पाणी सांडायला नको. नापास झालं तर पुन्हा वर्षभर वाट बघा. खाली परीक्षक हात मागे बांधून उभा होता.

पिंप खांबांच्या तोंडाशी आलं आणि तिच्या खिशात फोन थरथरला. घाईत तो खाली द्यायचा राहूनच गेला होता. तिने लक्ष दिलं नाही. थांबला, पुन्हा थरथरला, मग थांबेचना.

आज फोन करू नका, असं तिने घरी बजावलं होतं. म्हणजे नक्कीच काहीतरी झालं होतं. मुलगी रस्ता ओलांडताना? की सासूबाई? डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. हात किंचित सैल पडला, वाऱ्याने पिंपाला झोका दिला आणि ते खांबाकडे सरकलं.

दोन्ही हात अडकलेले. फोन घ्यायचा तर पिंप आहे तिथेच टेकवायचं, म्हणजे परीक्षा संपली.

"आत्ता नाही," ती मोठ्याने म्हणाली. कुणाला, ते तिलाही कळलं नाही.

पिंप जिकडे झुकलं, तिकडेच तिने हूक अलगद नेला. झोका विरला. डोळ्यांत घाम चुरचुरत होता, पुसायला हात नव्हता. खांब मागे पडले. पिंप चौकोनात टेकलं.

मग तिने फोन काढला.

"वहिनी, होतीस कुठे?" नणंद रडत होती. "आई बाथरूममध्ये घसरली. दवाखान्यात आणलंय."

शिट्टी शिडी उतरली तेव्हा परीक्षक काहीतरी सांगत होता. ती ऐकायला थांबली नाही.

सासूबाईंचं मनगट मोडलं होतं. खाटेशेजारीच नणंदेने तोंड सोडलं. "साधा फोन उचलवला नाही तुला. तुझी ती क्रेनच मोठी."

शिट्टीने सासूबाईंच्या अंगावरची चादर सारखी केली.

सासूबाई प्लास्टरमधला हात सावरत लेकीला म्हणाल्या, "ती आली असती तर हाड काय लगेच जुळणार होतं? तू होतीस ना." मग सुनेकडे वळल्या. "पास झालीस का?"

"माहीत नाही, आई. विचारायचंच राहिलं."

ती पास झाली होती. पुढच्या महिन्यात ती केबिनमध्ये बसू लागली. फोन मुकादमाकडे ठेवून, सकाळी सासूबाईंची वेणी घालून. नणंद मात्र बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती, आणि शिट्टीनेही तिची मनधरणी केली नाही.

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता नणंदेने मान वर न करता विचारलं, "वरून आपलं घर दिसतं का गं?"

"दिसत असेल," शिट्टी म्हणाली. "बघितलं नाही अजून."