तपासणीसाठी घरी ठेवलेली पोरं

मंडळी, एकलहऱ्याजवळच्या आमच्या झेडपी शाळेत आज तपासणी होती. गुणवत्ता चांगली दिसावी म्हणून हेडसरांनी वाचनात कच्च्या पोरांना घरीच ठेवायला सांगितलं होतं. त्यात माझी लेक चिऊही.

आलेल्या मुलांनी घडाघडा वाचून दाखवलं. पण तपासणीला आलेले साहेब रिकाम्या जागा बघत म्हणाले, "इतक्या कमी पोरांसाठी निधी कशाला? शेजारच्या गावच्या शाळेत पाठवू सगळ्यांना."

सरांचा चेहराच उतरला. शाळा समितीत असल्याने मी तिथेच होते. तडक घरी गेले आणि चिऊला आणून साहेबांसमोर उभं केलं.

तिनं अडखळत का होईना, अख्खं पान वाचलं. मग सरांना विचारलं, "सर, मी उद्या येऊ ना?"

शाळेचं काय ते साहेब ठरवतील. चिऊला उत्तर कोणी द्यायचं, सांगा!