बापूकाकांचं बस्कर

काकूंचा फोन आला तेव्हा लखनौच्या आमच्या ऑफिसात मी नव्या मुलांच्या मुलाखती घेत होते. "हे गेले गं..." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. समोरचा मुलगा गोंधळून थांबला होता. मी त्याला पुढचा प्रश्न विचारला. कोणाला विचित्र वाटेल, पण मुलाखत अर्धवट टाकून उठलेलं बापूकाकांना मुळीच खपलं नसतं. रडले ती नंतर, गाडीत, पार बनारस येईपर्यंत.

बापूकाका आमच्या नात्याचे कोणी नव्हेत, रामघाटाच्या गल्लीतले शेजारी. रेल्वेच्या कचेरीत भरतीच्या कामात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर गल्लीतल्या मराठी घरांतलं जे पोर पदवी घेऊन बाहेर पडेल, त्याच्या मानगुटीवर बसणं हा त्यांचा उद्योग झाला. आमची पोरं हुशार, पण चार परक्या माणसांपुढे बोलायचं म्हटलं की दातखीळ बसायची. बसणार नाही तर काय! घराघरात वेदपाठशाळेची शिस्त. गुरुजी म्हणतील तसं म्हणायचं आणि वडीलधाऱ्यांना उलट काही विचारायचं नाही.

मी बी.कॉम. झाले तेव्हा बाबांनी, म्हणजे याज्ञिकी करणाऱ्या साध्यासुध्या माणसाने, स्पष्ट सांगितलं होतं... यंदा नोकरी लागली तर ठीक, नाहीतर नागपूरच्या स्थळाला होकार कळवायचा. स्थळ चांगलं होतं हो, पण मला आधी स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. पहिल्या मुलाखतीत सगळी उत्तरं अगदी बरोबर आली. शेवटी साहेबांनी विचारलं, "आपको हमसे कुछ पूछना है?" मी हात जोडून म्हटलं, "जी नहीं, बस आशीर्वाद दीजिए," आणि उठून तिघांच्याही पाया पडले! त्यातला एक जेमतेम माझ्या दादाच्या वयाचा. बिचारा खुर्चीसकट मागे सरकला. नोकरी अर्थातच लागली नाही.

ही हकीकत ऐकून काका कडाडले, "अगं, नोकरी मागायला गेली होतीस की हळदीकुंकवाला? चल नावेत!"

नावेत कशाला? तर घरी प्रश्न विचारले की पोरं पाणी प्यायच्या निमित्ताने सटकतात आणि आया मध्येमध्ये उत्तरं सांगतात. म्हणून काका उमेदवाराला बनवारी नावाड्याच्या नावेत घालून भर गंगेत न्यायचे. समोरच्या फळीवर आपलं विटकं लाल बस्कर अंथरून त्यावर ऐटीत बसायचे. बनवारीला सक्त ताकीद होती, धड उत्तर येईपर्यंत नाव वळवायची नाही. आमची नाव बालाजी घाटासमोर नुसती रेंगाळत राहिली. बाकी उत्तरं मी फडाफडा देत होते, पण तो शेवटचा प्रश्न आला की माझी मान खाली.

"अगं, विचार काहीतरी!"

"काय विचारू काका? उद्धटपणा नाही का दिसणार?"

काका एकदम मऊ झाले. म्हणाले, "हे बघ पोरी, दिवसाचे आठ-आठ तास तू त्यांना देणार. मग ज्या खुर्चीत बसायचं ती कशी आहे, हे बघायला नको? सरळ विचार, माझ्या आधी इथे कोण होतं आणि ते का गेलं. उत्तर देताना त्यांच्या तोंडाकडे बघ. चिडले, तर तिथे जाऊच नकोस. बाबांना मी समजावतो."

पुढच्या मुलाखतीत तेच विचारलं. साहेबलोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टोकाला बसलेल्या बाई हसून म्हणाल्या, "पहले मैं थी. तरक्की हो गई, इसलिए गई." नोकरी लागली. पेढे घेऊन गेले तर कौतुक राहिलं बाजूला, काकांनी दमच भरला. "डबा एकटीने खायचा नाही. आणि जे समजत नाही ते आत्ताच विचारून घे, पुढे लाज वाटायला लागते." असा खडूस माणूस! पण पेढा तोंडात टाकताना डोळे पुसत होते, ते मी पाहिलं.

परवा महिन्याभराने पुन्हा काकूंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "रेल्वे कॉलनीत नव्याने आलेल्या एका बाईंची मुलगी पास झालीय, फार घाबरट आहे गं. हे असते तर नेलीच असती..." मग काय करणार? ऋजुता नावाच्या, मराठी समजणाऱ्या पण हिंदीच बोलणाऱ्या त्या मुलीला घेऊन घाटावर गेले. काकांचं नावेतच राहिलेलं लाल बस्कर बनवारीने सवयीने फळीवर अंथरलेलं. मी बस्कराच्या शेजारी, उघड्या फळीवर टेकले. प्रश्न झाले, उत्तरंही बरी आली. शेवटी म्हटलं, "आता तुला काही विचारायचंय?"

"नहीं दीदी."

"मग नाव वळायची नाही."

बनवारी वल्हं मारत राहिला. मग ती त्या बस्कराकडे पाहत हळूच म्हणाली, "दीदी, ये किसका है? आप इस पर बैठीं क्यों नहीं?"

बनवारीने वल्हं थांबवलं. मला रडू आवरेना. पोर घाबरली, "सॉरी, सॉरी" म्हणायला लागली.

"सॉरी नको म्हणूस," मी पदराने तोंड पुसत म्हटलं. "चांगला प्रश्न आहे. असंच विचारायचं."

आणि सरकून बस्करावर बसले.

"हं. आता पहिल्यापासून. नाव काय तुमचं?"