शेलूबाजारची केलाबिट वही

केलाबिट भाषा ऐकायची तर बोर्निओच्या डोंगरात जावं लागतं. मी शेलूबाजारला गेलो. नव्वदीच्या उंबरठ्यावर ब्लॉग लिहायला घेतलेल्या म्हाताऱ्याची ही थाप नाही. नात टाइप करते आहे आणि तिलाही सुरुवातीला हे खरं वाटलं नव्हतं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि अख्खा वऱ्हाड मध्यप्रदेशात. मी नागपूरला भाषाशास्त्र शिकत होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशा वयात होतो. एक दिवस सरांनी सांगितलं की, मंगरूळपीरकडचा एक कंपाउंडर दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं बोर्निओतल्या सारावाकमध्ये नोकरीला होता, आणि त्याने तिथल्या केलाबिट लोकांचे शब्द देवनागरीत उतरवून आणलेत. "वही मिळाली तर घेऊन या," सर म्हणाले. वही मिळाली तर माझा प्रबंध उभा राहणार होता, नाहीतर सगळंच मुसळ केरात. मी त्याच आठवड्यात निघालो.

नागपूरहून अकोल्यापर्यंत मोठी गाडी, तिथून वाशीमपर्यंत छोटी. खिडकीशी बसलात तर कोळशाचे कण डोळ्यात आणि मधे बसलात तर शेजाऱ्याची कापसाची गाठोडी मांडीवर. मी खिडकी निवडली आणि पस्तावलो. वाशीमहून मंगरूळपीरची बस वेळेवर सुटली, पण वाटेत दोनदा पाणी प्यायला थांबली. ती म्हणजे बसच, आम्ही नव्हे. दर्ग्याजवळच्या हॉटेलात गरम भजी आणि बशीतला चहा घेतला. सरकारी दवाखान्यात पत्ता विचारला, तर शिपाई हसला.

"कंपोंडर साहेब? ते त शेलूबाजारच्या पल्याड राह्यतेत. दमणी पाहा एखांदी, बस नाई भेटत आता."

दमणी म्हणजे हलकी बैलगाडी. गाडीवानाने अर्ध्या वाटेत शेतात थांबवून मला हुरडा खाऊ घातला आणि त्याचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. डिसेंबरची हवा होती, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. आता समृद्धी महामार्गाने नागपूरहून काही तासांत पोचता येतं, शेलूबाजारला जीपही मिळते. जाणार असाल तर थंडीतच जा. हुरड्याचं मात्र ओळखीवर असतं.

भगवानराव कंपाउंडर चाळिशीचे, शिडशिडीत. घरात ते आणि काकू, दोघंच. मी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या जुन्या गावचाच माणूस. वही लगेच काढली, पण हातात मात्र दिली नाही. "तुमी इचारा, म्या सांगतो," म्हणाले.

ती दुपार माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दुपारींपैकी एक. मी विचारत होतो, ते ओसरीवर बसून सांगत होते. डोळा म्हणजे मतेह. पाच म्हणजे लिमेह. मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या. मलयमध्ये पाच म्हणजे लिमा, हवाईतही लिमा, मादागास्करात दिमी! होड्यांतून निम्मी पृथ्वी पालथी घालणारं हे भाषांचं कुटुंब. तेव्हा त्याला मलायो-पॉलिनेशियन म्हणत, आज ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. त्यातलं हे डोंगरातलं, नदीच्या उगमाकडचं एक घर. आणि त्या घरात आपल्या ध-भ-घ यांच्या जवळपासचे आवाज होते, जे त्या कुटुंबात फार विरळ. 'एक' या आकड्याला ते म्हणतात एधेह. बोलताना स्वतःचे हकार गाळणाऱ्या या वऱ्हाडी माणसाने त्यांचा एकेक हकार वहीत जपून ठेवला होता.

संध्याकाळी काकूंनी पळसाच्या पानांत कणकेचे पानगे भाजले. "तठीबी भात असाच पानात बांधतेत," भगवानराव काकाजी म्हणाले. "अख्खं गाव एकाच लांब घरात राह्यते. कोनाच्या चुलीवर काय शिजून राह्यलं, समद्यायले मालूम."

"काकाजी, मुलं किती तुम्हाला?" मी विचारलं. माहिती देणाऱ्याशी घरोबा वाढवावा, असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं. काकू उठून आत गेल्या. काकाजी म्हणाले, "एक होतं." मी खाली मान घालून पानगा संपवला.

मग मला दिसलं की काकू त्यांना कशानेच हाक मारत नाहीत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तर घरोघरची रीत. मुलाच्या नावाने 'अमक्याचे बाबा' म्हणायचं, पण ते नाव तोंडातून निघेना. म्हणून त्या भांडं वाजवायच्या, की काकाजी आत जायचे. इतकी वर्षं त्यांचा संसार भांड्याच्या आवाजावर चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी विहिरीवर गेले आणि माझ्यातला संशोधक वहीवर तुटून पडला. शेवटच्या पानावर दोनच नावं होती, परकी. एकापुढे लिहिलं होतं 'मी', दुसऱ्यापुढे 'घरची'. मी उत्साहाने दोन्ही नावं मोठ्यांदा वाचली. काकाजी बादली घेऊन दारात उभे होते. काकू चुलीपाशी होत्या.

"थे पान नोका वाचू," काकाजी म्हणाले. पण उशीर झाला होता.

"घरची म्हंजे मी ना?" काकूंनी विचारलं. "मले कोनं नाव देलं?"

काकाजी बादली ठेवून खाली बसले. मग जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता, काकूंना सांगितलं. केलाबिट लोकांत पहिलं मूल झालं की आई-बाप दोघांचीही नावं बदलतात, गावजेवण घालून. जुनं नाव मागे पडतं. लस टोचण्याच्या दौऱ्यावर ते त्या लांब घरात होते, तेव्हा मुलगा झाल्याचं घरचं पत्र तिथे पोचलं.

"थे म्हने, आता तू बाप झाला, जुनं नाव चालनार नाई. जेवन केलं त्यायनं. मले नाव देलं. मंग म्हने, पोराची माय कोटी हाय? तिलेबी नाव पायजे. तू इकडं, मी तिकडं, तरी तुलेबी देलं." त्यांनी बादली बाजूला सारली. "नदीनं खाली आलो त दुसरं पत्र. तापानं गेलं म्हून. तारीख पाह्यली म्या. तठी जेवन झालं, तवा पोरगं अठी नवतंच. मी जेवून राह्यलो होतो, अन् थे... कोन्या तोंडानं सांगू तुले?"

वही मिटून मी ती काकाजींच्या पुढ्यात ठेवली. आता या घरातून मला हाकलून देतील, आणि ते योग्यच होईल असं वाटलं.

काकू पदराने डोळे पुसत बाहेर आल्या. "म्हंजे तठी माह्या लेकाच्या नावानं गाव जेवलं?"

"हाव."

"अठी त बारसं असंच घाईत झालं. बाप नवता." मग त्यांनी मला विचारलं, "काहो, तुमी शिकले हा. यायचं हे नाव घेतलं त चालते का मले?"

मी चाचरत म्हणालो की, नवऱ्याचंच नाव आहे शेवटी.

"कायचं नवऱ्याचं! थे नाव यायच्या मायबापानं नाई देलं. पोरानं देलं."

मी आणखी दोन दिवस राहिलो. वहीतले शब्द उतरवून घेतले, शेवटचं पान सोडून. निघायच्या सकाळी दमणी दारात उभी होती. आतून काकूंनी ते नाव घेऊन हाक मारली. काकाजी माझ्याशीच बोलत राहिले, सवय कुठली? दुसऱ्यांदा हाक आली, जरा मोठ्याने. ते गोंधळले, मग "ओ" म्हणाले आणि धोतर सावरत आत गेले. माझ्यासाठी शिदोरी बांधायची होती, एवढंच काम होतं. आतून बराच वेळ दोघांच्या बोलण्याचा आवाज येत राहिला. गाडीवान घाई करायला लागला.

त्या वाटेने पुन्हा जाणं झालं नाही, याची आज फार हुरहूर लागते. प्रबंध पूर्ण झाला, कुणी वाचला नाही. लिमेह आणि मतेह अजून पाठ आहेत. शिदोरीतल्या पानग्यांना येणारा पळसाच्या पानाचा वासही आठवतो.

नागपूरला सरांनी माझी यादी बारकाईने वाचली होती. केलाबिटमध्ये नावाला 'ङदान' म्हणतात, त्या नोंदीपाशी ते थांबले.

"इथे उदाहरण नाही. नावं बदलण्याची एवढी सुंदर रीत लिहिलीत, आणि वहीत दोन नावं होती म्हणता. ती का उतरवली नाहीत?"

"सर," मी म्हणालो, "ती वापरात आहेत."