विजूची मोठी आई

तार आली ती विजूच्या नावानं. पोस्टमननं दारात उभं राहून नाव वाचलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी चूक असेल. मॅट्रिकच्या पोराला कोण कशाला तार करतंय? घरात मी होते, हे होते; अकोल्याचे मोठे भाऊजी ह्यांचे सख्खे थोरले भाऊ. तरी अकोल्याहून तार निघाली ती पोराच्या नावानं. इंग्रजीतली ती ओळ त्यानंच वाचली, ‘मोठी आई गेली’ एवढं म्हणाला आणि होता तिथं जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडला. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, “आई, मले थोडा वेळ एकटं राहू दे.” मी स्वयंपाकघरात गेले. मथुरावहिनी गेल्या ह्याचं दुःख मला व्हायला हवं होतं, झालंही असेल. पण पहिला विचार आला तो असा की, मी गेल्यावर हा एवढा रडेल का?

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, हे मला कळतं. अकोला-अकोट भागातल्या पुष्कळ बायकांना मथुरावहिनी ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी चार आठवणी लिहा, असं पेपरच्या रविवारच्या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांनाही तेच हवं असणार. चांगलं आहे तेवढं सगळं लिहीन. पण मी त्यांची धाकटी जाऊ. मला त्यांचा हेवा वाटत आला, आजही वाटतो… तो गाळून लिहिलं तर ते कोणा दुसऱ्याच बाईबद्दल होईल.

विजूच्या वेळी वऱ्हाड अजून मध्यप्रदेशात होतं. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचा प्रश्नच नव्हता. अमरावतीत आम्ही दोघंच, म्हणून सासूबाईंनी मला दिवस भरत आल्यावर अकोल्याला वहिनींकडे नेऊन ठेवलं. मोठे भाऊजी तिथं कापसाच्या एका जिनिंगमध्ये नोकरीला होते, आणि वहिनींची सुमन तेव्हा मांडीवर होती, अंगावर पीत होती. माझं मूल पायाळू निघालं. दवाखान्यात नेलं, आणि लेडी डॉक्टरनं ऑपरेशन करावं लागेल म्हणून सांगितलं. त्या काळी पोट फाडून मूल काढलं म्हणजे बाई मरून परत आली असंच लोक धरत. शुद्धीवर आले तेव्हा तोंडाला औषधाचा वास, पोटात आग, आणि जवळ मूल नाही. मुलगा आहे, चांगला आहे, एवढं कोणीतरी सांगितलं. तो बाहेर व्हरांड्यात वहिनींच्या मांडीवर होता. सासूबाईंनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, “त्या भुलीच्या औषधाचं इख दुधात उतरते. हिचं दूध लेकराले लावू नका.”

मी उताणी पडलेली. कूस बदलायची नाही, पाणी प्यायचं नाही. व्हरांड्यातून त्याचं रडणं ऐकू यायचं, आणि एकदम थांबायचं. ते थांबलं की वहिनींनी पदराखाली घेतलं, हे मला खाटेवर पडल्यापडल्या कळायचं. पुढं मलाही दूध दाटलं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. मी सासूबाईंना म्हटलं, एकदा तरी आणा त्याला. त्या म्हणाल्या, “लेकराले मारतं का?” आणि त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी काढून माझी छाती करकचून बांधली. टाके काढून घरी आले, कुणाला न विचारता मी विजूला जवळ घेतलं, तोवर सगळं आटलेलं होतं. त्यानं तोंड फिरवलं आणि किंचाळायला लागला. वहिनी हसल्या. “राहू दे वो शालू, त्याले माही सवय झाली,” म्हणाल्या आणि त्याला घेऊन गेल्या. त्या दुष्टपणानं हसल्या असं मी म्हणत नाही. पण ते हसणं मी कधी विसरले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही. त्या ऑपरेशननंतर मला दुसरं मूल झालं नाही.

आमच्याकडे चुलतीला, ती वडिलांच्या थोरल्या भावाची बायको असेल तर, मोठी आई म्हणतात. रीतच आहे, त्यात कोणाचा दोष नाही. पण विजूच्या तोंडून ते ऐकताना दर वेळी मला कोणीतरी जागा दाखवल्यासारखं व्हायचं. वर्षाचा झाल्यावर मी त्याला अमरावतीला आणला तर कितीतरी दिवस बोंडल्यातलं दूध थुंकून टाकत होता. शाळेत जायला लागल्यावर सुट्टी लागली की अकोल्याची एसटी गाठायचा. परत आला की, “मोठी आई पाटवडीचा रस्सा असा नाई करत.” एकदा टायफॉइडमध्ये तापात बरळला तोही मोठी आई, मोठी आई असाच. वहिनी आल्या, कपाळावर हात ठेवला, पोरगा शांत झोपला. मी शाळेतून रजा काढून त्याच्या उशाशी बसून होते, आणि यश मिळालं त्यांना. हे मला म्हणाले, “अगं, बरा होतोय ना पोरगा?” बरा होत होता, ते मला दिसत होतं. त्याखेरीज दुसरंही काही दिसत होतं, ते ह्यांना सांगून काय उपयोग होता!

आता ज्यासाठी लोक वहिनींना ओळखतात ते सांगते. विजू पाच-सहा वर्षांचा असेल. शेजारच्या एका पोरीला पहिलटकरीण असताना ऑपरेशन सांगितलं. त्याच लेडी डॉक्टरनं वहिनींना बोलावून घेतलं. पोरी माझ्यासमोर लाजतात, सासवा ऐकत नाहीत, तुम्ही तुमच्या बोलीत आधीच समजावून सांगा, असं त्या म्हणाल्या. वहिनींनी सांगितलं, त्या पोरीचं बाळ आईच्या अंगावर प्यायलं, आणि मग एकीचं पाहून दुसरी अशा पोरी येत गेल्या. अकोटहून, अंजनगावाहून, नवव्या महिन्यात एसटीचे धक्के खात यायच्या. वहिनी त्यांना खाटेवर कुशीवर निजवायच्या, पाठीशी उशी द्यायच्या, टाके पडणार त्या जागेवर घडी घातलेली गोधडी ठेवायच्या, आणि पाट्यावरचा वरवंटा धुऊन, जुन्या लुगड्यात गुंडाळून बगलेत द्यायच्या. वजन बाळाएवढंच. पाय मागं, तोंड छातीकडे, म्हणजे बाळाची लाथ टाक्यांवर बसत नाही. “पोट कापते बाप्पा, दूध थोडंच कापते!” म्हणायच्या. पहिला चीक पिळून फेकायला निघालेल्या सासवांना विचारायच्या, “म्हैस व्याली का वगाराले आदी चीकच पाजता ना? मंग नातवानं काय घोडं मारलं?” एक म्हातारी बिचकली, गरवार पोरीच्या छातीला दगड लावणं अपशकुनाचं म्हणाली. वहिनी तिला म्हणाल्या, “बारशाले ह्याच वरवंट्याले झबलं घालून गोविंद घ्या, गोपाळ घ्या करतो ना आपुन? तवा तो गोपाळ, आन माह्या घरी दगड?” म्हातारी हसली.

मी हे सगळं पाहिलेलं आहे, कारण विजूच्या मागं मागं मीही सुट्टीत अकोल्याला जायची. मला ते पाहवत नसे. कोणाच्या कुठल्या पोरींना ह्या हाताला धरून शिकवत होत्या, आणि माझ्या वेळी? पोरी मग पेढे घेऊन यायच्या, बाळ वहिनींच्या पायावर घालायच्या. मी शाळेत तिसरीच्या वर्गाला पाढे शिकवत होते, मला कोण पेढे देतंय! शिवाय वहिनींची एक खोड होती. पोरी येऊन बसल्या की मला म्हणायच्या, “शालू, चहा मांड वो.” मी आत जायची, स्टोव्ह पेटवायची, आणि त्याच्या फरफर आवाजात बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. चहा घेऊन यावं तर वरवंटा पोरीच्या बगलेत गेलेला असायचा. शिकलेली जाऊ चहा करते हे चारचौघींत दाखवायला ह्यांना बरं वाटत असेल, असं मी धरून चालले. एकदा न राहवून विचारलं, “वहिनी, हे सगळं तुमाले माह्या वेळी ठाऊक नव्हतं का?” त्या तांदूळ निवडत होत्या. “तवा कोणाले काय ठाऊक होतं वो,” म्हणाल्या, आणि वाळत घातलेले कपडे आणायला उठल्या.

शेवटी शेवटी दम्यानं बेजार होत्या, तरी पोरींना परत पाठवत नव्हत्या. गेल्या त्या दुपारी, बसल्या जागी. अकोल्यात तेरावं झालं आणि विजूनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “आई, मॅट्रिक झालो का मी इथंच कॉलेजात नाव घालतो. मोठे बाबा न सुमन दोघंच राहिले.” मी “बघू” म्हटलं. अमरावतीत कॉलेज नाही का? आता तरी तो माझा होईल असं मी, खरं सांगते, त्या तेरा दिवसांत मनात धरलं होतं. आणि ह्या बाई गेल्यावरसुद्धा त्याला ठेवून घेत होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी दारात एक पोरगी आणि तिची आई उभ्या राहिल्या. अकोटच्या. “मथुराबाईचं घर हेच ना?” मी सांगितलं, बाई गेल्या. आई पायरीवरच बसली. पोरीचं मूल आडवं होतं, ऑपरेशनचा दिवस ठरलेला. मला तिची दया आली असं लिहायला बरं दिसेल. खरं म्हणजे मला वाटलं, हे काय मला येत नाही? “या आत, मी सांगते,” म्हटलं. वरवंटा धुतला, गुंडाळला, पोरीला कुशीवर निजवलं. उशी, गोधडी, चीक, सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन ते जावेचं?”

“कोणत्या जावेचं?”

“माही मोठी बहीण इथंच शिकून गेली. ते म्हणे, बाई सगळ्यायले आदी ते जावेचं सांगते, मंग वरवंटा देते.”

“काय सांगत होत्या?”

पोरगी सरळ मनाची. पाठ केल्यासारखं बोलली. “बाई म्हणे, माह्या जावेचं पोट फाडून लेकरू काढलं, न मी त्याले पाजलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं मले व्हरांड्यात येऊन सांगतलं, आता लेकरू त्याच्या मायले लाव, इख-बिख काई नाई. मी हो म्हटलं, न कोणालेच नाई सांगतलं. लेकरू मले सोडे ना, न मलेबी त्याले सोडू वाटे ना. म्हून पोरीहो, डॉक्टरीण काय म्हणते ते आपल्या कानानं ऐकजा, आपल्या तोंडानं लेकरू मांगजा. मधात कोणाले ठेवू नका, मी मधात होती.”

तिची आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या ध्यानात आलं असावं, तिनं पोरीला कोपर मारलं. मी म्हटलं, “बरोबर आहे. तेच पहिलं सांगायचं असतं, मी विसरले.” मग पोरीला पुन्हा निजवलं, आणि नर्सबाईला काय म्हणायचं, सासूला काय म्हणायचं, हे तिच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. ती पहिल्यांदा पुटपुटली. मी म्हटलं, “मोठ्यानं. व्हरांड्यात ऐकू गेलं पाहिजे.”

त्या गेल्यावर मला राग आला. दूध तोडलं ह्याचा नव्हे; ते कुठंतरी मला आधीपासून ठाऊक होतं, फक्त कोणी खरं मानलं नसतं. राग ह्याचा आला की, अकोट तालुक्यातल्या पोरीपोरींना ह्यांनी हे सांगितलं, जिची ओळख ना पाळख तिला सांगितलं, आणि मला आत चहा करायला पाठवलं. माझ्या वाट्याचं एवढंसुद्धा त्यांनी दुसऱ्यांना दिलं… आणि त्या पोरींची बाळं प्यायली. त्याच गोष्टीनं प्यायली. ह्याचं मी काय करू?

विजू आत आला. रडून रडून त्याचे डोळे अजून सुजलेले होते. “आई, कोण आल्ते?” माझ्या जिभेवर होतं सगळं. एक वाक्य बोलले असते तर कदाचित दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर मुकाट्यानं अमरावतीला येऊन कायमचा राहिला असता. मी म्हटलं, “शिकायला आल्या होत्या. सुमनला हाक मार, वाढते.” हा माझा मोठेपणा नव्हता. त्याच्या तोंडाकडे पाहून माझ्याच्यानं बोलवलं नाही, एवढंच.

पोरी अजून येतात. दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला जाते आणि त्यांना शिकवते. ‘ती जाऊ मीच’ हे आधी सांगते. त्यामुळे पोरी जास्त लक्ष देतात. वहिनींपेक्षा माझं जास्त ऐकतात, असं मला वाटतं, आणि वाटून बरं वाटतं. ही पुरवणी रविवारी आमच्या दारात पडेल तेव्हा मी गाडीत असेन. विजू परीक्षेच्या अभ्यासाला घरीच असतो, पेपर पहिल्यांदा तोच उघडतो. मोठ्या आईचं नाव पाहिलं की सगळं सोडून हे वाचेल. संध्याकाळी मी परत येईन तोवर त्याचं वाचून झालेलं असेल. अकोल्याला राहायचं की अमरावतीला, ते मग त्यानं सांगावं. तोवर मी त्याला काही विचारणार नाही.