बांधावरचं संशोधन

दौंडच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. बिबट्याशी माझा संबंध एवढाच, की राहू गावाजवळच्या आमच्या गावी जाताना दोन्ही बाजूंनी ऊस लागला, की मी स्कूटीचा वेग वाढवायचे. तरीही विद्यापीठाच्या बिबट्या-प्रकल्पाची समन्वयक मीच झाले. तिथल्या एका प्राध्यापकांना अनुदान मिळालं होतं आणि त्याची अट अशी होती, की गावाला भागीदार करूनच संशोधन करायचं. गावाला भागीदार कसं करतात हे सरांना ठाऊक नव्हतं आणि माझं सासर त्या गावात होतं.

"मॅडम, आता आपण लोकांवर संशोधन करत नाही," सर फोनवर म्हणाले. "लोकांबरोबर करतो. समाज आपला भागीदार आहे."

"कुठला समाज, सर?"

"म्हणजे, जो उपलब्ध असेल तो."

उपलब्ध झाले आप्पा. नात्यानं माझे चुलत सासरे, मोठे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. गावात बैठक घ्यायची तर खुर्च्या त्यांच्याच घरी, म्हणून बैठक त्यांच्या अंगणात झाली. अंगण त्यांचं, म्हणून प्रकल्प समितीचे अध्यक्षही तेच झाले. कुणी हरकत घेतली नाही, कारण चहा यायचा बाकी होता.

सरांनी हात जोडून सांगितलं, "प्रश्न तुम्ही ठरवायचे. आम्ही फक्त मदत करणार."

"दिवसा लाईट द्या," मागून एकजण म्हणाला. "रात्री पाणी धरायला जातो, तवाच बिबट्या गाठतो."

"ते आपल्या कक्षेत येत नाही," सर म्हणाले. "दुसरा प्रश्न?"

मग नर्सबाई उठल्या. बुद्धविहाराच्या मागं त्यांचं घर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या स्वतःची जमीन कसत होत्या. मुलगा कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला. तिथं नातवाला सांभाळायला त्या मधूनमधून जायच्या.

"माझा बांध सरकतोय," त्या म्हणाल्या.

सर सावरून बसले. "बिबट्यामुळे?"

"न्हाई सर. बिबट्या नांगर हाकत न्हाई."

अंगण हसलं. आप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांचं रान बाईंच्या रानाला लागूनच होतं. गेली कित्येक वर्षं बाई हेच सांगत होत्या आणि गाव म्हणत होतं, वय झालं की माणसाला असे भास होतात. सरांच्या विद्यार्थिनीनं 'समाजाच्या धारणा' या मथळ्याखाली ते लिहून घेतलं.

त्यानंतर कॅमेरे आले. समोरून काहीही हललं की फोटो काढणारे, झाडाला बांधायचे. पहिला कुठं लावायचा यावर चर्चा सुरू झाली, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "अध्यक्ष मी हाय. मान माझ्या रानाला पायजे."

बाईंच्या बांधालगत आप्पांचा आंबा होता आणि खाली ओल्या मातीत बिबट्याची पावलंही सापडली होती. कॅमेरा तिथंच बांधला. आप्पांनी त्याला हार घातला. मग जरा वाकून त्यांनी विचारलं, "सर, ह्यो फकस्त जनावराचाच फोटू काढतो ना?"

"हो, हो. वन्यप्राण्यांसाठीच आहे," सर म्हणाले. त्यांना प्रश्न कळला नव्हता. मलाही नाही.

काही आठवड्यांनी फोटो माझ्याकडे आले. अनुदानाची आणखी एक अट होती. माहितीची मालकी समाजाची, म्हणून ती आधी समाजाला दाखवायची. मी घरी बसून फोटो चाळायला लागले. कुत्री, मुंगूस, मोर, शेळ्या, पुन्हा कुत्री. एका फोटोत बिबट्याची शेपटी. आणि मग भर दुपारी आप्पांचा ट्रॅक्टर. नांगराचा फाळ थेट बांधात रुतलेला, शेजारी आप्पा स्वतः उभे, हातानं "अजून आत घे" असं दाखवत. पुढच्या फोटोत बांधाची कड गेलेली. बाई त्या दिवसांत कुरकुंभला होत्या.

नवऱ्यानं माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "पुसून टाक. घरातलं माणूस आहे."

मी सरांना फोन केला.

"त्यात बिबट्या आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग अडचण काय? सगळे दाखवा. पारदर्शकता आपला गाभा आहे."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. नवऱ्याला म्हटलं, विद्यापीठाचा आदेश आहे. त्यावर तो न जेवताच उठून गेला.

समाजमंदिरात पडदा लावला. अनुदान देणाऱ्या कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या होत्या. शेपटीला टाळ्या पडल्या. मोराला पडल्या. मग ट्रॅक्टर आला आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आप्पा उठले. "ही माझी खाजगी बाब हाय! बंद करा!"

"आप्पा, भागीदारीत खाजगी काय असतंय?" कुणीतरी म्हणालं.

नर्सबाई पडद्याजवळ गेल्या, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागचा एकदा लावा." मी लावला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग गावाकडे तोंड करून एवढंच बोलल्या, "भास न्हवता मला." कुणीच हसलं नाही.

पुढं एकच गलका झाला. एकजण म्हणाला, माझ्या बांधावरही कॅमेरा लावा. दुसरा म्हणाला, माझ्या आधी लावा. तिसरा म्हणाला, माझ्या बांधावर अजिबात लावू नका, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. अधिकारी बाई भारावून सरांना म्हणाल्या, "इतका उत्स्फूर्त सहभाग मी कुठल्याच प्रकल्पात पाहिला नाही!"

नर्सबाईंनी मोजणीचा अर्ज केला. मोजणीवाले आले, दगड रोवले गेले, आणि आप्पांच्या उसाच्या कडेच्या सऱ्या बाईंच्या हद्दीत निघाल्या. तोडणी झाल्यावर बाईंनी तिथं कांदा लावला. जत्रेला आप्पांकडचं जेवणाचं बोलावणं आम्हाला आलं नाही. नवऱ्यानं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी बाईंकडून आलेल्या पातीची भाजी गुपचूप खाल्ली.

सरांचा अहवाल छापून आला. बिबट्याविषयी त्यात फारसं नव्हतं, पण लोकसहभागावर एक आख्खं प्रकरण होतं. दिवसाच्या विजेचा उल्लेख तळटीपेत. दुसऱ्या टप्प्याचं अनुदानही मंजूर झालं.

परवा आप्पा दौंडच्या बाजारात समोर आले. मला वाटलं, तोंड फिरवतील. ते थांबले.

"सूनबाई, ते संशोधनवाले परत येनार म्हणं?"

"हो, आप्पा."

"कॅमेरे नको म्हणावं. लोकास्नी ताप होतो." मग इकडं तिकडं बघून आवाज खाली आणला. "आन् येनारच आसतील, तर समितीचं कसं करायचं ते मला आधी इचारा."