रूथला आणायला गेलो तेव्हा

अहिल्यानगरहून (आम्ही अजून नगरच म्हणतो) बंगळुरूची गाडी धरली, तेव्हा माझ्या पिशवीत लाडवांचा डबा, पवित्र शास्त्र आणि दोन मुलांसाठी शाळाप्रवेशाचे अर्ज होते. माझी लेक रूथ तिथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा अनिल हृदयविकारानं गेला. तेव्हापासून ती एस्तेर आणि जोएल या दोन मुलांना घेऊन परक्या शहरात एकटी राहते, हा विचार मला आणि माझी पत्नी मार्था हिला स्वस्थ बसू देत नव्हता. "त्यांना घेऊनच या," निघताना मार्था म्हणाली. मी निवृत्त शिक्षक. माझं म्हणणं लोक ऐकतात, असा माझा समज होता.

सोलापूर मागे पडलं, काळी जमीन हळूहळू तांबडी झाली आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनाबाहेर पाऊल ठेवलं तर भर दुपारी हवेत गारवा. रूथ ड्युटीवर होती, म्हणून मेट्रोनं एकटाच जे. पी. नगरला तिच्या घरी गेलो. दार शेजारच्या सरोजाक्कांनी उघडलं. त्यांच्या घराण्याला इथे येऊन तीन-चारशे वर्षं झाली, पण घरात अजून मराठी बोलतात. "या अण्णा, बसा. स्वल्प (थोडी) काफी घ्या. रूथ येईतो जोएल माझ्यापाशीच असतो. शहाणं पोर आहे."

आठ वर्षांचा जोएल माझ्या पिशवीकडे बघत म्हणाला, "आजोबा, लाडू आत्ता की प्रार्थनेनंतर?"

संध्याकाळी रूथनं नाचणीचे मुद्दे (वाफाळते उंडे) आणि पालेभाजीचं सार केलं. मुद्दा चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी फजिती पाहून मुलं पोट धरून हसली.

जेवणानंतर सगळे सतरंजीवर बसले. जोएलनं एक मराठी गीत निवडलं, त्याचे उच्चार कानडी वळणाचे होते. मग ज्यानं-त्यानं दिवसभराबद्दल देवाचे आभार मानले. चौदा वर्षांची एस्तेर मात्र गुडघ्यांभोवती हात गुंफून गप्प बसून होती.

"एस्तेर, आता तू," मी म्हणालो.

"मला नाही करायची."

"तुझ्या वयाची असताना तुझी आई स्तोत्रं तोंडपाठ म्हणायची."

एस्तेर उठून आत गेली. जोएल झोपायला गेल्यावर रूथ माझ्याजवळ बसली. "पप्पा, ती बोलत नाही, पण रोज इथे येऊन बसते. एवढंच मी तिच्याकडे मागितलं आहे. बाकीचं तिचं आणि देवाचं."

"लहानपणीच वळण लावावं लागतं, रूथ."

"वळण आहे म्हणूनच ती येऊन बसते."

मी विषय बदलून नगरला चलण्याबद्दल बोललो, अर्जही दाखवले. तिनं ते नीट वाचले. "या घरातल्या मोठ्या गोष्टी आम्ही तिघं मिळून ठरवतो. शनिवारी मला सुट्टी आहे. संध्याकाळी मुलांसमोर बोलू." एवढ्या लहान पोरांना काय विचारायचं, असं माझ्या मनात आलं.

शनिवारी सकाळी मार्थासाठी साडी घ्यायला चिकपेटला निघालो. रूथनं सोबत एस्तेरला दिलं. ती माझ्याशी जेमतेम बोलत होती. चिकपेटच्या गल्ल्यांत कापडाचे गठ्ठे वाहणारे हमाल, स्कूटर आणि माणसं एकमेकांना घासून चालतात. एका हमालाला वाट देताना माझा पाय पायरीवरून घसरला आणि मी बाजारात आडवा झालो. घोटा असा दुखला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

एस्तेर क्षणभर पांढरीफटक पडली. मग तिनं कानडीत भराभर माणसांना बाजूला केलं, एका दुकानदाराकडून स्टूल आणि पाणी मागून घेतलं, आईला फोन केला आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाला कुरकुरला, तेव्हा तिनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो "सरी, सरी" (बरं, बरं) म्हणत मला आधार द्यायला खाली उतरला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही, फक्त मुरगळलं आहे. पट्टी बांधून आम्ही रिक्षानं परत निघालो.

"पप्पा पडले तेव्हा घरात मी एकटीच होते," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "तेव्हा मला काहीच सुचलं नाही. मी फक्त प्रार्थना करत राहिले. देवानं ऐकलं नाही. आई म्हणते, राग आला असेल तर तसं त्यालाच सांग."

"तुझी आई बरोबर सांगते," मी म्हणालो. "त्या दिवशी मी तुला बोललो ते चुकलं. मला माफ कर." तिनं माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

संध्याकाळी मी सतरंजीऐवजी खुर्चीत बसलो आणि रूथनं मुलांना नगरबद्दल विचारलं. जोएल म्हणाला, "नगर चांगलं आहे. पण पप्पांची कबर इथे आहे. रविवारी फुलं कोण ठेवणार?"

एस्तेर आजही गुडघ्यांभोवती हात गुंफून बसली होती. मग तिनं डोळे मिटले. "देवा, मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे. पण आजोबांचा पाय लवकर बरा कर. आणि आम्हाला आईबरोबर इथेच राहू दे. आमेन."

रूथनं तिला मिठी मारली नाही की शाबासकी दिली नाही. नेहमीसारखंच "आमेन" म्हटलं. माझी छाती अभिमानानं भरून आली. जे घर कोसळेल म्हणून मी सावरायला आलो होतो, ते माझ्या लेकीनं केव्हाच उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर आम्ही अनिलच्या कबरीवर गेलो. जोएलनं फुलं ठेवली. वाटेत भेटणारा जो-तो रूथची चौकशी करत होता: कुणी तमिळमध्ये, कुणी इंग्रजीत. ती एकटी नव्हती, हे मला इतक्या लांब येऊन कळलं.

मंगळवारी मी नगरला उतरलो, तेव्हा मार्था स्टेशनवर आली होती. मला एकटाच लंगडत येताना पाहून तिचा चेहरा पडला. घरी पोचेपर्यंत मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्या पिशवीतून लाडवांचा रिकामा डबा काढून घेतला.

संध्याकाळी आम्ही दोघं प्रार्थनेला बसलो. आमच्या घरात प्रार्थना नेहमी मीच करतो, ती डोळे मिटून ऐकते. त्या दिवशी मी म्हणालो, "मार्था, आज तू बोल. मनात असेल ते. राग असेल तर तोही." तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं, पदर सारखा केला आणि अनिल गेल्यापासून जे कुणालाही सांगितलं नव्हतं, ते ती देवाला सांगू लागली.